शास्त्रीय संगीत वाचवायचंय? एक रुपयाही लागत नाही

शास्त्रीय संगीत संपत चाललंय हे तुम्हाला माहीतच असेल, सोसायटीच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली तेच तर येतं. तर आता तुम्हालाच ते वाचवायचंय. घाबरू नका, फार काही करावं लागत नाही.

डिसेंबरात पुण्यात मुकुंदनगरला सवाईला जाऊन या. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ सुरू केलेला संगीत महोत्सव आहे, तेव्हा ठेवणीतली शाल काढा आणि मांडवापुढे फोटो काढा. विलंबित, म्हणजे संथ भाग चालू असताना स्टॉलवर जायचं, जलद द्रुत सुरू झालं की परत जागेवर, कारण सतारीच्या शेवटच्या वेगवान 'झाल्या'ला टाळ्या वाजवायला माणसं लागतात. एवढं केलं की वर्षभराचं कर्तव्य झालं.

उरलेल्या अकरा महिन्यांत पेठेतल्या एखाद्या हॉलमध्ये बैठक असलीच तर आधी 'प्रवेश विनामूल्य' लिहिलंय का ते बघा. चुकून दोनशे रुपये तिकीट असेल तर आयोजकांना फोन करून 'पास आहेत का हो दोन' एवढंच विचारा, आणि नाही म्हणाले तर कलेचा बाजार मांडलाय असं म्हणून फोन ठेवा. मुलीने कोल्डप्लेसाठी नवी मुंबईचं हजारोंचं तिकीट काढलं होतं ती गोष्ट वेगळी, तो एक्स्पिरियन्स असतो. इथे काय, गाणारी बाई, तबलजी, पेटीवाले, साऊंडवाला, हॉलचं भाडं, आणि मागे तानपुऱ्यावर बसलेल्या दोन शिष्या, ज्यांना मानधन म्हणून आशीर्वाद मिळतो. तसा आशीर्वाद तबलजींनाही द्यायला हरकत नाही, पण ते ऐकत नाहीत.

विल्यम बॉमल नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६६ मध्येच बोवेन नावाच्या सहकाऱ्याबरोबर हे सगळं मांडून ठेवलंय. कारखान्यात एका माणसामागे निघणारा माल वाढत जातो म्हणून पगार वाढतात, पण चौघांनी वाजवायची बीथोवनची रचना आजही चौघांनाच वाजवावी लागते आणि वेळही तेवढाच लागतो, आणि त्या चौघांना भाजी मात्र आजच्या भावानेच घ्यायची असते, म्हणजे खर्च वाढतच जाणार. आपल्याकडे याच्यावर उपाय आहे, बाईंना चिठ्ठी पाठवायची, विलंबित एकताल जरा उरका, नऊ वाजले. तसंही रात्री दहाला स्पीकर बंद करायचा असतो, २००० सालचा नियम आहे तो, त्यामुळे मध्यरात्रीचा राग दरबारी साडेआठलाच आटपून घ्यायला सांगा. दरबारीला काय कळतंय किती वाजलेत.

कुणी म्हणेल परदेशात बघा किती कदर आहे. त्यांना सांगा, तिकडे सिम्फनी ऑर्केस्ट्रात नव्वद-शंभर माणसं पगारावर असतात आणि अमेरिकेत तर तिकिटांतून निम्मा खर्चही निघत नाही, बाकीचं देणगीदारांच्या जिवावर चालतं. १९०० सालचा फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा २०११ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेला. तिथल्याच मिनेसोटा ऑर्केस्ट्रात व्यवस्थापनाला वादकांचे पगार कापायचे होते, ते ऐकेनात म्हणून त्यांना टाळंच लावलं, ऑक्टोबर २०१२ ते जानेवारी २०१४. म्हणजे तिकडेही बोंबच आहे हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल. मग खुर्चीत मागे रेलून म्हणा, त्यांचं पैशावर चालतं, आपलं साधनेवर. (साधना कुणी करायची हे कुणी विचारत नाही.)

तरुण मंडळी येत नाहीत ही खंत तर रोज व्यक्त करा. चुकून एखादा विशीतला पोरगा आलाच तर त्याला रुमाल टाकून धरलेल्या खुर्चीवरून उठवा, राग कोणता ते ओळखायला सांगा, आणि त्याने चुकीच्या जागी वा म्हटलं की मागे वळून बघा. पुढच्या वेळी तो येणार नाही, मग पुन्हा खंत करायला मोकळे.

घरच्या मुलांना मात्र क्लासला जरूर घाला. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात, तेवढ्या परीक्षा झाल्या की तानपुरा माळ्यावर. तो घेतला असेल तर, नाहीतर फोनवर फुकटचं अ‍ॅप आहेच. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ती बातमी तुम्ही अभिमानाने पाठवलीतच ना, मग झालं तर, अजून तो कारागीर काय मागतोय.

आणि मधूनमधून एखाद्या म्हाताऱ्या साथीदाराच्या ऑपरेशनसाठी मदतीचं आवाहन येतं, ते लगेच सगळ्या ग्रुपवर टाका, वर 'ज्यांनी आपल्याला आनंद दिला' वगैरे लिहा, हात जोडलेले दोन-चार टाका. फक्त खालचा बँकेचा खाते नंबर तेवढा काढा, मेसेज उगाच लांबतो.