‘न्यू जर्सीतलं मत वायाच जातं’ हे का पटवून घेऊ नये

राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: राष्ट्राध्यक्ष जनता निवडत नाही, ५३८ इलेक्टर (राज्याराज्यांतले निर्वाचक) निवडतात आणि ते कुणालाही मत देऊ शकतात. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सासचा निकाल आधीच ठरलेला असतो. मग उमेदवार तपासत बसण्यात अर्थ नाही. निषेध म्हणून तिसऱ्या पक्षाला मत द्या, नाहीतर घरी बसा.

यात खोटं जेवढं आहे तेवढंच खरंही आहे, म्हणून तर ते पटतं.

इलेक्टरांचं आधी संपवू. ५३८ हा आकडा बरोबर आहे: प्रतिनिधीगृहाच्या जागांइतके ४३५, सिनेटच्या जागांइतके १०० आणि वॉशिंग्टन डीसीचे ३. जिंकायला २७० लागतात. पण हे इलेक्टर त्या त्या पक्षानेच नेमलेले असतात आणि जवळपास सगळ्या राज्यांत जो पक्ष जिंकतो त्याचीच यादी निवडून येते. २०१६ साली सात जणांनी आपल्या पक्षाच्या उमेदवाराला मत देण्याचा शब्द फिरवला, तरी निकाल बदलला नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की राज्यं इलेक्टरांना शब्दाने बांधून ठेवू शकतात. ही भीती मनातून काढून टाका.

‘निकाल आधीच ठरलेला’ हा मुद्दा मात्र वजनदार आहे आणि तो झटकून टाकणं अप्रामाणिक ठरेल. २०२० साली अ‍ॅरिझोनात १०,४५७, जॉर्जियात ११,७७९ आणि विस्कॉन्सिनमध्ये २०,६८२ मतांचा फरक होता. ही तीन राज्यं उलटली असती तर इलेक्टरांची बेरीज २६९-२६९ झाली असती. विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकीतल्या मताला न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मतापेक्षा जास्त जोर आहे, हे मान्यच. पण ‘आज ठरलेला’ आणि ‘कायमचा ठरलेला’ यांत फरक आहे. व्हर्जिनियाने १९६८ ते २००४ दरवेळी रिपब्लिकन उमेदवार निवडला, २००८ पासून दरवेळी डेमोक्रॅट. फ्लोरिडाचा निकाल २००० साली ५३७ मतांवर लागला. २०२४ मध्ये तिथे फरक १३ टक्क्यांचा होता. खुद्द न्यू जर्सीत २०२० साली सुमारे १६ टक्क्यांचं अंतर होतं, चार वर्षांत ते सहाच्या आसपास आलं. पुढच्या वेळी माणसं आणि पैसा कुठे लावायचा हे पक्ष अशाच आकड्यांवरून ठरवतात. हरलेल्या बाजूचं मतही त्या हिशेबात धरलं जातं.

‘उमेदवार तपासून उपयोग नाही’ हे वाक्य सगळ्यात जास्त नुकसान करतं. तपासायचं कसं, ते आपल्याच घरातल्या विषयावरून पाहू. मामा नागरिक होऊन मतदार झालेत, भाचा एच-वन-बीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) ग्रीन कार्डच्या रांगेत आहे. उमेदवार म्हणतो, ‘मी रांग संपवेन.’ आता हे बघा: रोजगारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे आणि ती कायद्यात लिहिलेली आहे. एच-वन-बीची ६५,००० अधिक २०,००० ही वार्षिक मर्यादाही कायद्यातलीच. राष्ट्राध्यक्ष नुसत्या सहीने या मर्यादा वाढवू शकत नाही, त्यासाठी काँग्रेस, म्हणजे सिनेट आणि प्रतिनिधीगृह मिळून होणारी संसद लागते. उलट एच-फोरवरच्या (एच-वन-बीधारकाच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या) काही जोडीदारांना काम करण्याची परवानगी २०१५ साली प्रशासनाच्या नियमाने मिळाली. तो नियम प्रशासन रीतसर प्रक्रिया करून बदलू शकतं. म्हणजे रांगेच्या आश्वासनासाठी सिनेट आणि प्रतिनिधीगृहाचे उमेदवार तपासायचे, एच-फोरसारख्या आश्वासनासाठी राष्ट्राध्यक्षपदाचा. प्रत्येक आश्वासनापुढे ‘हे कुणाच्या सहीने होतं?’ एवढं लिहून काढलं तरी निम्मी भाषणं गळून पडतात.

आणि मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षाचं एकच पद कुठे असतं? सिनेट, प्रतिनिधीगृह, राज्याचं विधिमंडळ, काउंटीची पदं, शाळा मंडळ, काही राज्यांत जनमताचे प्रश्न असं पुष्कळ काही असतं. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२० च्या नोव्हेंबरात मिशिगनच्या विधिमंडळात निवडून आले, ते अशाच मतपत्रिकेवरून. काउंटीच्या निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर नमुना मतपत्रिका मिळते. ती छापून घ्या आणि घरीच खुणा करा.

तिसऱ्या पक्षाचं मत निषेध म्हणून द्यायचं असेल तर त्याची किंमत माहीत हवी. २००० साली फ्लोरिडात राल्फ नेडर यांना ९७,४८८ मतं पडली, आणि निकाल ५३७ वर लागला. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना देशभरात जवळपास १९ टक्के मतं मिळाली, इलेक्टर शून्य. पण देशभरात ५ टक्के ओलांडले तर त्या पक्षाला पुढच्या निवडणुकीसाठी सरकारी निधी मिळू शकतो. पक्क्या राज्यात असा हिशेब करून दिलेलं मत समजण्यासारखं आहे. पत्रिकेवर भलतंच नाव लिहिणं मात्र बऱ्याच राज्यांत मोजलंच जात नाही. तो उमेदवार आधी नोंदलेला असावा लागतो.

राहता राहिलं घरी बसणं. राष्ट्राध्यक्षाच्या दोन्ही उमेदवारांवर मन बसत नसेल तर तो रकाना कोरा सोडा, बाकीची मतं वैध राहतात. टपालाने देत असाल तर पाकिटावरची सही नोंदणीतल्या सहीशी जुळेल अशी करा. मराठीत सही करायची सवय असेल तर नोंदणीच्या वेळी कोणती केली होती ते आठवा. पेनसिल्व्हेनियात आतलं गुप्ततेचं पाकीट विसरलं तर मत बाद होतं.

खाडाखोडही करू नका. २०१७ च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियाच्या विधिमंडळाच्या ९४ व्या मतदारसंघात फेरमोजणीनंतर शेली सायमंड्स एका मताने पुढे होत्या. एका पत्रिकेवर दोघांचेही गोल भरलेले होते आणि सायमंड्स यांच्या गोलावर तिरकी रेघ मारलेली होती. न्यायाधीशांनी ते मत डेव्हिड यान्सी यांच्या बाजूने धरलं आणि दोघांची ११,६०८ अशी बरोबरी झाली. जानेवारीत एका भांड्यातून चिठ्ठी काढली, ती यान्सी यांची निघाली आणि सभागृहाचं बहुमत ५१-४९ असं त्यांच्या पक्षाकडे राहिलं. मतदान केंद्रावर गोल चुकला तर ती पत्रिका परत देऊन नवी मागा.