किल्ली घेतलीस का?

लेक फ्रान्समध्ये, लियाँला शिकते. तिनं फोनवरून बजावलं होतं, "बाबा, किल्ली खिशात असल्याशिवाय दार ओढायचं नाही. इथली दारं ओढली की लागतात आणि बाहेरून कडी नसते. किल्लीवाला बोलवायचा म्हणजे तुमचं परतीचं तिकीट विकावं लागेल."

आम्ही उतरलो होतो फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नीस शहरात. त्या दिवसापासून नीसचा निळा समुद्र बाजूला राहिला आणि आठवडाभर मी फक्त एक दार सांभाळलं.

घर जुन्या नीसमध्ये, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. तिथेही आपल्यासारखंच तळमजला सोडून मोजतात, त्यामुळे एखादा मजला कमी निघेल ही आशाही मावळली. जिन्यातल्या दिव्याला टायमर. बटण दाबायचं आणि तो विझायच्या आत वर पोचायचं. तिथल्या पोरांना जमत असेल. आम्ही साठीच्या पुढचे, हातात दोन बॅगा, आणि एका बॅगेत पुण्याहून आणलेला तीन लिटरचा कुकर. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये काळोख झाला. "अहो, हलू नका," मंजू म्हणाली. हलणार कुठे?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाल्कनी नावाच्या वीतभर कठड्याला टेकून उभा होतो. अचानक धडाम् असा आवाज झाला. खिडक्या थरथरल्या, कबुतरं उडाली. मंजू न्हाणीघरातून ओरडली, "अहो, कुकर!"

कुकर बॅगेत होता. बरोबर बारा वाजले होते. समोरच्या टेकडीवर रोज दुपारी बारा वाजता तोफेचा बार काढतात. एकोणिसाव्या शतकात एक स्कॉटिश साहेब इथं राहायचा. त्याची बायको फिरायला गेली की गप्पांत रमायची आणि जेवायची वेळ टळायची, म्हणून त्यानं ही तोफ सुरू केली असं सांगतात. मंजूला ही गोष्ट अजिबात आवडली नाही. तिचं म्हणणं, त्यानं स्वतः भात टाकला असता तर? टेकडीचं नाव किल्ल्याची टेकडी, पण वर किल्ला नाही. चौदाव्या लुईनं तो १७०६ मध्ये पाडून टाकला. सिंहगड पायी चढलेल्या माणसाला ही शुद्ध फसवणूक वाटते.

कुकर चार मजले चढला खरा, पण शेगडी निघाली इंडक्शनची आणि कुकर ॲल्युमिनियमचा. शेगडीनं त्याला ओळखच दाखवली नाही. मग मंजूनं घरमालकाच्या पातेल्यात डाळ शिजत ठेवली. ती तासाभरानं शिजली आणि तिनं फोडणी केली. मोहरी तडतडली, हिंग पडला, आणि छताला चिकटलेली पांढरी बशी किंचाळायला लागली. २०१५ पासून फ्रान्समध्ये प्रत्येक घरात धुराचा गजर सक्तीचा आहे. त्यांच्या कायद्यानं फोडणीचा विचार केलेला नाही. मी खुर्चीवर चढून टॉवेल फिरवत होतो. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या आजीबाईंनी झडप उघडून थेट आमच्या पातेल्यात पाहिलं. मला एकच फ्रेंच शब्द येत होता, 'शुभ दिवस'चा. रात्री आठ वाजता, टॉवेल फिरवत, मी अदबीनं म्हणालो, "बोंजूर!"

"बोंस्वार," त्यांनी मला सुधारलं आणि झडप लावून घेतली.

त्यानंतर आम्ही बाहेरच खाल्लं. जुन्या नीसचा प्रसिद्ध पदार्थ म्हणजे सोका. चण्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, आणि लाकडाच्या भट्टीत तांब्याच्या भल्यामोठ्या परातीत भाजलेलं. मंजूनं एक तुकडा मोडला, उलटसुलट पाहिला. "धिरडं आहे. ओवा विसरलेत." पण दोन कागद भरून खाल्लं, मिरपूड मागून घेऊन.

समुद्रावर वाळू नाहीच, नुसते गोटे. किनाऱ्यालगतच्या प्रोमनाद नावाच्या रस्त्यावरून उतरून गोऱ्या बायका त्यावरून राणीसारख्या चालत पाण्यात जातात. मी गेलो तो सत्यनारायणाला नवस फेडायला निघाल्यासारखा. किल्ली नाडीत ओवून गळ्यात. पाण्यातसुद्धा.

तरीही एकदा घात झालाच. कचरा टाकायला खाली गेलो तेव्हा गळ्यातली नाडी खुंटीवर होती, आणि वाऱ्यानं दार लागलं. परत येऊन टकटक केली.

"कोण?"

"मी!"

"मी कोण? पोरीनं सांगितलंय, अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही."

"अगं, चाळीस वर्षं..." इतक्यात दिवा विझला.

शेवटच्या दिवशी घरमालकाचा निरोप आला: निघताना किल्ल्या टेबलावर ठेवा आणि दार ओढून घ्या. आठवडाभर ज्याची धास्ती घेतली, तेच करायचं होतं. मी तीनदा पासपोर्ट मोजले, खिसे चाचपले, नाडी गळ्यातून काढली. मन घट्ट करून दार ओढलं. खट्ट.

दुसऱ्या मजल्यावर दिवा गेला. काळोखात मंजूचा आवाज आला, "अहो, कुकर कुठल्या बॅगेत टाकलात?"