दावं कुणाच्या हातात?

नोव्हेंबर 2024 मध्ये जेद्दाला आयपीएलचा लिलाव झाला तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर दोन दिवस खडाजंगी चालली होती. ऋषभ पंत 27 कोटींना गेला. सांगलीचे काका म्हणाले, "बैलबाजार आहे हा. दात मोजायचे तेवढे राहिलेत." चुलतभावाचं उत्तर तयारच होतं, "27 कोटी देत असतील तर मोजू द्या की दात."

मी अमेरिकेत, सिनसिनाटीत राहतो. हेच भांडण या गावात दीडशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय. मुलांना म्युझियम दाखवायला आम्ही जिथे नेतो, त्या युनियन टर्मिनलच्या परिसरात तेव्हा एका क्रिकेट क्लबचं मैदान होतं. हो, क्रिकेटच! शेफिल्डमध्ये जन्मलेला हॅरी राइट 1865 मध्ये इथे आला तो पगारी क्रिकेटपटू म्हणून. 1869 मध्ये त्यानेच सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे पगार घेणाऱ्यांचा पहिला बेसबॉल संघ उभा केला. त्याचा स्वतःचा पगार 1200 डॉलर, धाकटा भाऊ जॉर्जचा 1400.

तोवर खेळाडूंनी पैसे घ्यायचे नाहीत असा नियम होता, म्हणून ते चोरून घेतले जात. 1867 मध्ये हा धाकटा भाऊ जॉर्ज राइट वॉशिंग्टन शहराच्या संघात होता. कागदोपत्री तो कारकून होता, आणि त्याच्या कचेरीचा म्हणून दिलेल्या पत्त्यावर होती सार्वजनिक बाग! काकांनाही बँकेने नोकरी दिली होती ती काही खतावण्या लिहायला नव्हे, कबड्डीतल्या चढायांसाठी. पण हे त्यांना तोंडावर कोण सांगणार?

1869 चा अख्खा हंगाम हॅरीचा संघ हरला नाही. देशाच्या आरपार जाणारी रेल्वे त्याच वर्षी मे महिन्यात पुरी झाली होती. सप्टेंबरात ही मंडळी सॅन फ्रान्सिस्कोत खेळत होती. पुढच्या जूनमध्ये ब्रुकलिनच्या अटलांटिक्सने अकराव्या डावात त्यांना 8-7 असं हरवलं. मग गर्दी ओसरली आणि वर्षअखेरीस क्लबने पगार बंद केले. हॅरी काही खेळाडूंना आणि 'रेड स्टॉकिंग्ज' या नावालाही घेऊन बोस्टनला गेला.

काकांचं दुसरं म्हणणं असं की पैसा आला की सट्टा येतो. 1877 मध्ये लुइव्हिलचे चार खेळाडू सामने विकल्याबद्दल कायमचे बाद झाले, हे खरंच. पण 1865 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युच्युअल्स संघातल्या तिघांनी सामना विकला, तेव्हा खेळ कागदावर पूर्ण हौशी होता. सट्टा पगाराच्या आधीपासून होता.

माझ्या मते खरा घाव 1879 मध्ये बसला, आणि तो मालकांनी घातला. प्रत्येक क्लबने पाच खेळाडू 'राखीव' ठेवायचे आणि त्यांना इतर कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी आपापसांत ठरवलं. करार संपला तरी खेळाडू त्याच क्लबचा, आणि पगार क्लब म्हणेल तो. पाचाचे पुढे अकरा झाले, मग आणखी वाढले. 1887 मध्ये शिकागोने माइक केलीला 10,000 डॉलरला बोस्टनला विकलं. खेळता खेळता वकिलीची पदवी घेतलेल्या जॉन वॉर्डने त्याच वर्षी लेख लिहून विचारलं, खेळाडू म्हणजे जंगम मालमत्ता आहे काय? खेळाडूंची संघटना त्याने आधीच बांधली होती. 1890 मध्ये तिने स्वतःची लीग काढली, ती एका हंगामात बुडाली. राखीव कलम मात्र 1975 पर्यंत टिकलं.

आयपीएलमध्ये खेळाडू लिलावात स्वतः नाव देतो आणि करार ठरावीक वर्षांनी संपतो. तेवढ्यापुरता चुलतभाऊ बरोबर. पण निवृत्त न झालेल्या भारतीय पुरुष खेळाडूला बोर्ड परदेशातल्या टी-20 लीगमध्ये खेळू देत नाही. म्हणजे बाजार एकच, आणि संघ निवडायचा हक्क खेळाडूला नाही. बोर्डाने मान्यता दिलेली खेळाडूंची संघटना आहे, पण ती निवृत्तांची! 27 कोटींचा आकडा ऐकून दोन्ही बाजूंचे डोळे दिपतात आणि हा प्रश्न तसाच राहतो.

कदाचित मला तो दिसतो कारण मी बरीच वर्षं एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर काढली. पगार उत्तम होता, तक्रार कोणत्या तोंडाने करणार? पण नोकरी बदलायची तर नव्या मालकाने अर्ज करायचा आणि ग्रीन कार्डाची कागदपत्रं पुन्हा पहिल्यापासून. दोनदा चांगली संधी आली, दोनदा मी गप्प बसलो.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. चुलतभावाने अंगठा टाकला. काकांचा रात्री फोन आला.

"अरे, मलाही दुसऱ्या बँकेने बोलावलं होतं. पगार जास्त होता. आमच्या साहेबांनी सोडलंच नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? दुसऱ्या दिवशी त्यांच्याविरुद्धच सामना होता. तीन गडी मारले."