‘एका जेएसपीत सगळं भागतं’: एमव्हीसीवरच्या आक्षेपांना उत्तर

जावा शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला फिरून फिरून येतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच असतात. छोट्या वेब ॲप्लिकेशनला एमव्हीसी (डेटा आणि नियम सांभाळणारं मॉडेल, दाखवणारा व्ह्यू, रिक्वेस्ट घेऊन ठरवणारा कंट्रोलर अशी कामांची वाटणी) म्हणजे नसता खटाटोप, एका जेएसपी पानात, म्हणजे जावा कोड घालता येणाऱ्या एचटीएमएल पानात, सगळं भागतं. एमव्हीसीच्या नादी लागलं की फायली तिप्पट होतात आणि ॲप मंदावतं. मुळात ती कल्पना डेस्कटॉपची, वेबच्या गळ्यात उगाच मारलेली. आणि शिकायचंच असेल तर थेट स्प्रिंग बूट (जावाचं तयार फ्रेमवर्क) घ्या, सर्व्हलेट (रिक्वेस्ट घेऊन उत्तर देणारा जावा क्लास) कधीच संपलं.

यातलं काही अर्धं खरं आहे, म्हणूनच सल्ला टिकून आहे. पण पहिलाच मुद्दा जिथे चुकतो तिथे नवशिक्याचे दिवसच्या दिवस वाया जातात, त्यामुळे त्यावर जरा जास्त बोलतो.

‘एका जेएसपीत भागतं’

पुस्तकांची साधी नोंदवही घ्या. वर पुस्तकांची यादी, खाली नवीन पुस्तकाचा फॉर्म, सगळं एकाच पानात. फॉर्म जिथे आहे तिथेच, म्हणजे पानाच्या तळाशी, स्क्रिप्टलेटमध्ये (पानात घातलेल्या जावाच्या तुकड्यात) सेव्हचा कोड. सेव्ह झालं की सेंडरिडायरेक्ट करून, म्हणजे ब्राउझरला नव्याने पान मागायला सांगून, त्याच पानावर परत, म्हणजे कुणी रिफ्रेश दाबलं तरी नोंद दुबार होऊ नये. पाचदहा पुस्तकं टाकून बघता, सगळं झक्कास चालतं.

मग यादी शेकड्यांत जाते आणि एक दिवस सेव्ह दाबल्यावर पान मध्येच तुटतं. लॉगमध्ये इल्लीगलस्टेटएक्सेप्शन: रिस्पॉन्स कमिट झालाय, आता रिडायरेक्ट करता येणार नाही. कोडचा एक शब्द बदललेला नाही, मग काल चालत होतं ते आज का बिघडलं?

कारण बफर. जेएसपी जे लिहितं ते लगेच ब्राउझरकडे जात नाही, आधी बफरमध्ये साठतं. काही वेगळं सांगितलं नसेल तर हा बफर किमान ८ केबीचा असतो. यादी छोटी असते तोवर सगळं पान त्यात मावतं. तळाशी रिडायरेक्ट आला की सर्व्हर साठलेलं फेकून देतो आणि फक्त रिडायरेक्ट पाठवतो. यादी वाढली की बफर भरून वाहतो, यादीचा वरचा भाग ब्राउझरकडे रवाना होतो आणि त्याच्याही आधी गेलेले असतात हेडर, म्हणजे उत्तर कसलं आहे ते सांगणाऱ्या ओळी. एचटीटीपीत हेडर आधी, मजकूर नंतर, आणि गेलेला हेडर मागे घेता येत नाही. ‘२०० ओके’ सांगून झाल्यावर ‘दुसऱ्या पत्त्यावर जा’ कसं सांगणार? ‘५०० एरर’ सुद्धा सांगता येत नाही.

त्याहून वाईट म्हणजे नोंद डेटाबेसमध्ये गेलेली असते. वापरणाऱ्याला दिसतं अर्धवट पान. तो साहजिकच पुन्हा दाबतो आणि जी दुबार नोंद टाळायला रिडायरेक्ट लिहिला होता, तीच होते.

आता कुणी म्हणेल, सोपं आहे, तो कोड पानाच्या डोक्यावर न्या. बरोबर! फॉर्म आला का बघा, तपासा, सेव्ह करा, कुठे जायचं ते ठरवा, आणि हे सगळं उरकल्यावर एचटीएमएल लिहायला घ्या. पण हाच तर कंट्रोलर झाला. तुम्ही एमव्हीसीच केलंत, फक्त एका फायलीत कोंबून. माझा सगळा आग्रह या क्रमापुरता आहे: काय दाखवायचं याचा निर्णय पहिला बाइट बाहेर पडण्याआधी पुरा झाला पाहिजे. ॲप लहान असो की मोठं, एचटीटीपीचा नियम तोच राहतो.

मग कोडला स्वतःची फाइल कशाला? कारण निर्णयाचे निकाल अनेक असतात. पुस्तक सेव्ह झालं तर यादीकडे रिडायरेक्ट. नाव रिकामं सोडलं असेल तर तोच फॉर्म, भरलेल्या मजकुरासह आणि काय चुकलं त्याच्या निरोपासह, फॉरवर्ड करून, म्हणजे तीच रिक्वेस्ट सर्व्हरच्या आत पानाकडे सोपवून. दुरुस्तीसाठी मागितलेलं पुस्तकच नसेल तर ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’. हे सगळे निकाल एका पानाच्या डोक्यावर इफ-एल्सने हाताळायला गेलात की खालचं निम्मं पान कधी लागू असतं, कधी नसतं. सर्व्हलेटच्या डूपोस्टमध्ये (फॉर्म आला की चालणाऱ्या मेथडमध्ये) हेच वीस-पंचवीस ओळींत सरळ वाचता येतं. जेएसपी पानं वेब-इन्फ फोल्डरच्या आत ठेवली की ब्राउझरमध्ये थेट पत्ता टाकून ती उघडता येत नाहीत, सर्व्हलेटमधूनच जावं लागतं. फुकटात मिळणारी ही शिस्त बरेच जण घेत नाहीत.

एकच पान, फक्त दाखवायचं, फॉर्म नाही, असं असेल तर मात्र जेएसपी एकटं पुरेसं आहे. तिथे भांडण नाही.

‘फायली तिप्पट होतात’

आपल्या नोंदवहीला काय लागतं ते मोजा. पुस्तक नावाचा साधा क्लास, पुस्तकं साठवणारा-काढणारा एक क्लास, एक सर्व्हलेट, दोन जेएसपी. पाच फायली. ज्या जंजाळाचा राग येतो तो वेगळाच असतो: एकच इम्प्लिमेंटेशन असलेला इंटरफेस, आलेला कॉल जसाच्या तसा पुढे ढकलणारा सर्व्हिस क्लास, तीच चार फील्ड पुन्हा लिहिलेला डीटीओ (नुसता डेटा वाहणारा क्लास) आणि त्यांच्यात ने-आण करणारा मॅपर. छोट्या ॲपमध्ये या थरांना कात्री लावा, माझी ना नाही. पण त्यांचं बिल एमव्हीसीच्या नावावर फाडू नका.

याच्या उलट टोकाचा गैरसमजही सर्रास दिसतो, की मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर अशी तीन पॅकेजं केली म्हणजे एमव्हीसी झालं. मॉडेलमधल्या क्लासला एचटीटीपीसर्व्हलेटरिक्वेस्ट (ब्राउझरच्या रिक्वेस्टचा ऑब्जेक्ट) पॅरामीटर म्हणून जात असेल, तर ती तीन पॅकेजं शोभेची आहेत. तपासायची रीत सोपी आहे. मॉडेलच्या फायलीत वर इम्पोर्ट बघा, तिथे सर्व्हलेटचं नाव दिसता कामा नये. समजा, नियम आहे की एका वाचकाकडे एका वेळी तीनच पुस्तकं असावीत. हा नियम साध्या क्लासमध्ये असेल तर टॉमकॅट (सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर) सुरू न करता जेयुनिट या टेस्टच्या साधनाने क्षणात तपासता येतो. जेएसपीत असेल तर दर वेळी सर्व्हर चालू करा, लॉगिन करा, फॉर्म भरा. आणि उद्या फायलीतून एकगठ्ठा नोंदी घेणारं पान आलं की तोच नियम कॉपी-पेस्ट. मग एका ठिकाणी तीनाचे चार होतात, दुसरीकडे तीनच राहतात.

व्ह्यूलाही स्वतःचं काम असतं. जेएसपीतली डॉलर-महिरपी कंसातली एक्स्प्रेशन एचटीएमएल एस्केप करत नाहीत, म्हणजे मजकुरातल्या टॅगची चिन्हं निरुपद्रवी करत नाहीत. कुणी पुस्तकाच्या नावात स्क्रिप्ट टॅग टाकला तर तो पुढच्या माणसाच्या ब्राउझरमध्ये चालेल. जेएसटीएल या जेएसपीच्या टॅग-संग्रहातला सी-आउट टॅग ते काम करतो. तो वापरायची जागा व्ह्यूच आहे. डेटाबेसमध्ये साठवतानाच एस्केप करणारे पुढे त्याच डेटाचं जेसॉन द्यायची वेळ आली की अडकतात.

‘ॲप हळू होतं’

फॉरवर्ड म्हणजे नेटवर्कवरून नवी फेरी, असं समजून हा आक्षेप येतो. तसं नसतं. फॉरवर्ड सर्व्हरच्या आतच होतो, रिक्वेस्ट-रिस्पॉन्स तेच राहतात, ब्राउझरला पत्ताही लागत नाही. नवी फेरी रिडायरेक्टची असते. शिवाय जेएसपी स्वतःच पहिल्या रिक्वेस्टला सर्व्हलेटमध्ये भाषांतरित होऊन कंपाइल होतं. टॉमकॅटच्या वर्क फोल्डरमध्ये इंडेक्स-अंडरस्कोअर-जेएसपी नावाची जावा फाइल उघडून बघा. एका सर्व्हलेटमधून दुसऱ्यात मेथड कॉल झाला, एवढाच काय तो खर्च. डेटाबेसच्या एका क्वेरीपुढे तो हिशेबातही धरू नये.

‘ही डेस्कटॉपची कल्पना’

उगम खरा आहे. ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेच्या संदर्भात ती मांडली. तिथे मॉडेल बदललं की व्ह्यूला कळतं आणि तो स्वतःला ताजं करतो. वेबच्या साध्या रिक्वेस्ट-रिस्पॉन्समध्ये एकदा गेलेलं पान गेलं, सर्व्हर त्याला स्वतःहून हाक मारू शकत नाही. म्हणूनच जावाच्या दुनियेत ती कल्पना जशीच्या तशी आली नाही. जेएसपीच्या सुरुवातीच्या मसुद्यात, १९९८ च्या सुमारास, दोन रचना दिल्या होत्या. पहिलीत पानच रिक्वेस्ट घेतं. दुसरीत सर्व्हलेट रिक्वेस्ट घेतं आणि पान फक्त दाखवतं. या दुसऱ्या रचनेचं नाव मॉडेल २. मूळ कल्पनेतलं वेबला झेपेल तेवढंच घेतलंय.

‘थेट स्प्रिंग बूट घ्या’

नोकरीच्या दृष्टीने स्प्रिंग बूट शिकावंच. आणि एक गोष्ट विरोधकांच्या बाजूने: स्प्रिंग बूटच्या चालवता येणाऱ्या जार फायलीत जेएसपी चालत नाही, तिथे थाइमलीफसारखं टेम्प्लेट इंजिन वापरतात. पण सर्व्हलेट संपलं हे मात्र साफ चूक. स्प्रिंग एमव्हीसीचा डिस्पॅचरसर्व्हलेट हा एचटीटीपीसर्व्हलेटचाच वंशज आहे, आणि बूटच्या वेब स्टार्टरमध्ये काही न सांगता येतो तो टॉमकॅटच. वेबफ्लक्स हा स्प्रिंगचाच, पण सर्व्हलेटवर न बेतलेला वेगळा मार्ग आहे, पण नवशिक्या तिथून सुरुवात करत नाही.

खालचं माहीत नसलं की काय होतं याचा एक नमुना. सर्व्हलेटचा ऑब्जेक्ट साधारणपणे एकच असतो आणि सगळ्यांच्या रिक्वेस्ट वेगवेगळ्या थ्रेडमधून त्याच्यातूनच जातात. चालू पुस्तक लोकल व्हेरिएबलऐवजी क्लासच्या फील्डमध्ये ठेवलं, की दोघांनी एकाच वेळी फॉर्म पाठवला तर एकाचं पुस्तक दुसऱ्याच्या नावावर लागू शकतं. एकट्याने टेस्ट करताना हे कधीच दिसत नाही. स्प्रिंगचा कंट्रोलरही मुळात सिंगलटनच (सगळ्यांसाठी एकच ऑब्जेक्ट) असतो, म्हणजे तीच चूक तिथे तशीच होते, फक्त ॲनोटेशनांच्या आड. सर्व्हलेट हाताने एकदा लिहिलेल्याला ती लवकर ओळखू येते.

सर्व्हलेट संपलं असं वाटायला बहुधा एक वेगळंच कारण असतं. जुना धडा बघून लिहिलेला कोड नव्या टॉमकॅटवर टाकला की नुसता ४०४ येतो. जकार्ता ईई ९ (सर्व्हलेट ज्यात येतं त्या जावा प्रमाणाची आवृत्ती) मध्ये, २०२० साली, जावाएक्स-सर्व्हलेट या पॅकेजचं नाव जकार्ता-सर्व्हलेट झालं. टॉमकॅट ९ जुनं नाव ओळखतो, १० आणि पुढचे नवं. जुन्या पॅकेजचं वेबसर्व्हलेट ॲनोटेशन टॉमकॅट १० च्या दृष्टीने अस्तित्वातच नसतं, त्यामुळे एररही न देता तो सर्व्हलेट नोंदवायचा राहून जातो. मॅपिंगमध्ये स्लॅश चुकला का हे शोधत बसण्याआधी इम्पोर्टच्या ओळी बघा.