स्टेफ जिवंत राहते, एवढंच खुपलं?

आमच्या सांगलीच्या शाळेच्या ग्रुपवर एका मित्राने ‘अ‍ॅना अँड द अपोकॅलिप्स’ बघून आल्यावर लिहिलं, “नाताळ, गाणी, झोंबी, सगळं मस्त. पण पोरांच्या पिक्चरमध्येसुद्धा लेस्बियन घुसवलीच. तुमच्याकडे आता याची सक्ती आहे का गं?” खाली अंगठ्यांची रांग लागली. मी दोन दिवस गप्प बसले. पण डोक्यातून जाईना, म्हणून आता सविस्तर लिहिते.

सिनेमा स्कॉटलंडचा आहे, मी राहते तिथलाच. दिग्दर्शक जॉन मॅकफेल. २०१७ मध्ये महोत्सवात दाखवला गेला आणि इथे २०१८ च्या नोव्हेंबरअखेर लागला. मूळ कल्पना रायन मॅकहेन्रीची. त्याने आधी त्यावर लघुपट केला होता. मोठा सिनेमा उभा राहण्याआधीच, २०१५ मध्ये, तो कर्करोगाने गेला. अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. त्यामुळे असेल, पण या सिनेमातलं मरण नुसतं गंमत म्हणून येत नाही. ज्यांच्यावर आपला जीव जडतो ती पोरं मरतात. अ‍ॅनाचा जिवलग मित्र जॉन मरतो, तिचे वडील मरतात, ख्रिस आणि लिसा हे गोड जोडपं जातं. शेवटी गाडीत बसून गावाबाहेर पडतात ते अ‍ॅना, निक आणि स्टेफ.

तीच ती ‘घुसवलेली’ मुलगी, स्टेफ.

ती अमेरिकन आहे. बेघर लोकांवर काहीतरी लिहायची तिची धडपड चालू असते आणि शाळेतले सॅव्हेज सर तिला दाद देत नाहीत. नाताळात आईवडील सुट्टीवर निघून गेलेत, प्रेयसीही सोबत नाही. ती लेस्बियन आहे यावर सिनेमात कोणी भाषण ठोकत नाही. ती चिडते, टोचून बोलते, ख्रिसला घेऊन बेघरांच्या निवाऱ्यात शूटिंगला जाते आणि वेळ आली की बाकीच्यांइतकीच झोंबींशी भिडते. भूमिका केली आहे सेरा स्वायरने, आणि सिनेमातले नाचही तिनेच बसवलेत. जिने पूर्ण सिनेमाला पायांवर नाचवलं तिचं पात्र उपरं कसं म्हणायचं?

सक्तीचं म्हणाल तर इथे सक्ती होती, पण उलट्या बाजूची. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने शाळांमध्ये समलैंगिकतेला ‘उत्तेजन’ द्यायला बंदी घातली. स्कॉटलंडमध्ये ते कलम २ए. शिक्षक घाबरून या विषयावर तोंडच उघडत नसत. ते रद्द करायची वेळ आली तेव्हा ब्रायन साउटर या बसवाल्या उद्योगपतीने स्वतःच्या पैशाने टपाली मतदान घेतलं आणि दहा लाखांहून जास्त लोकांनी ‘कलम राहू द्या’ असं कळवलं. तरी जून २००० मध्ये नव्या स्कॉटिश संसदेने ते काढून टाकलं. सिनेमातली पोरं जन्मली ती साधारण याच सुमारास. ज्या नोव्हेंबरात सिनेमा लागला त्याच महिन्यात स्कॉटिश सरकारने हा विषय शाळांच्या अभ्यासक्रमात आणायचं मान्य केलं. आणि त्याच वर्षी, ६ सप्टेंबरला, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना मोकळं केलं. त्या दिवशी मी गुरॉकच्या ट्रेनमध्ये फोनवर बातमी वाचत होते आणि कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. डब्यात सांगण्यासारखं कोणीच नव्हतं.

पुढे काय झालं तेही बघा. २०२१ मध्ये एनसीईआरटीने ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून घेण्यासाठी शिक्षकांना पुस्तिका दिली आणि तक्रारी येताच काही दिवसांत ती वेबसाइटवरून गायब झाली. इकडे माझी मुलगी पी-सेव्हनला, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना वर्गातल्या एका मुलीला दोन आया आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. पॅरेंट्स इव्हनिंगला त्या दोघी माझ्यापुढे रांगेत असायच्या आणि आमचं बोलणं व्हायचं ते गणिताच्या गृहपाठावर. कोणाच्या मुलावर काही परिणाम झालेला मला दिसला नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं तर ‘तुमचं काय, तुम्ही तिकडे’ असं उत्तर येणार, हे मला माहीत आहे.

आणि हे ‘तिकडचं’ खूळ आहे, हे तर मला अजिबात मान्य नाही. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं. रोहिणी हट्टंगडींनी मित्रा उभी केली. कॉलेजातली, मुलीवर प्रेम करणारी, अस्सल मराठी मुलगी. तेव्हा ना ओटीटी होतं, ना कोणाची सक्ती. फरक एवढाच की मित्रा शेवटी आत्महत्या करते. म्हणजे अशी मुलगी आपल्याला चालते, पण ती तळमळून मेली पाहिजे. गाडीत बसून हसत निघून गेली की पोरं बिघडतात. ग्रुपवरच्या त्या मित्राला माझं हेच विचारणं आहे: स्टेफ पहिल्या अर्ध्या तासात झोंबीच्या तोंडी गेली असती तर तू ग्रुपवर काही लिहिलं असतंस का?

मला एवढं लागलं त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते समलैंगिकतेशी फारसं संबंधित नाही. त्या गावात स्टेफ बाहेरची आहे. बाकी सगळ्यांचं कोणी ना कोणी तिथे आहे, तिचं नाही. मोबाइलचं नेटवर्क जातं तेव्हा सगळे मिळून ‘ह्यूमन व्हॉइस’ गातात, एका माणसाचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून. ते गाणं मी सलग ऐकू शकत नाही. पंचवीस डिसेंबरला इथे ट्रेन बंद, दुकानं बंद, चारलाच अंधार. शेजारपाजारची घरं आपापल्या माणसांनी भरलेली असतात. मी आईला फोन लावते. तिकडे रात्र झालेली असते, तिला झोप आलेली असते आणि ती विचारते, “जेवलीस का? मग ठेवू?” इतकी वर्षं राहूनही त्या दिवशी मी इथली नसते. आणि मे महिन्यात सांगलीला आले की तुम्ही माझ्यासाठी बिसलेरी मागवता, म्हणजे तिथलीही नसते. या सिनेमात मला माझी वाटावी अशी एकच व्यक्ती होती. तिलाच तुम्ही बाहेर काढायला निघालात.

सिनेमाबद्दल माझी तक्रार आहे ती तुमच्या नेमकी उलटी. स्टेफची प्रेयसी पडद्यावर येतच नाही, नुसता उल्लेख होतो. जॉनचं अ‍ॅनावरचं एकतर्फी प्रेम मात्र घोळवून घोळवून दाखवलंय, लिसा-ख्रिसला निरोप घ्यायला वेळ दिलाय. स्टेफच्या वाट्याला एक धड फोनसुद्धा नाही. नेटवर्क जाण्याआधी दोन मिनिटं तिला बोलू दिलं असतं तर काय बिघडलं असतं? मुलांना घेऊन परत बघणार असशील तर तेवढं त्यांना विचार: तिची मैत्रीण कुठे असेल, तिने फोन का केला नसेल. तुझ्या धाकटीला उत्तर सुचेल, आणि ते काय होतं ते मला कळव.