एमआरआयवर पांढरा ठिपका म्हणजे एमएसच?

महिन्याभरात एकच मेसेज मला चौघांनी पाठवला, त्यात एक मंगळवार पेठेतला मित्र आणि एक इचलकरंजीची मावशी. मजकूर असा: मेंदूच्या एमआरआयवर पांढरा ठिपका आला की एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर उलटते तो आजार), झालाच. रिपोर्ट नॉर्मल तर एमएस नाहीच. जितके ठिपके जास्त तितकी व्हीलचेअर जवळ. आणि एमआरआयची किरणं अंगात साठतात, तेव्हा परत परत करू नका.

मी कोल्हापुरात एमआरआयच्या मशीनवर बसतो. निदान करणं माझं काम नाही, ते न्यूरॉलॉजिस्टचं. पण फोटोत काय दिसतं ते रोज बघतो.

पहिल्या वाक्यातच सगळ्यात मोठा घोळ आहे. फ्लेअर नावाच्या सिक्वेन्समध्ये, म्हणजे एमआरआयचा फोटो काढायच्या एका पद्धतीत, मेंदूच्या पोकळ्यांतलं पाणी काळं पडतं आणि सूज किंवा जुना व्रण पांढरा उठून दिसतो. पण बीपी, शुगर, सिगारेट, अर्धशिशी, नुसतं वाढलेलं वय, यांचेही ठिपके पांढरेच येतात. सत्तरीतल्या माणसाच्या मेंदूत एकही ठिपका नसला तर आम्हालाच नवल वाटतं. म्हणून रेडिओलॉजिस्ट ठिपके मोजण्याआधी ते कुठं आहेत ते बघतात. एमएसच्या जागा ठरलेल्या आहेत: पोकळ्यांना चिकटून, मेंदूच्या बाहेरच्या थरात किंवा त्याला लागून, मेंदूखोड आणि लहान मेंदूत, आणि मज्जारज्जूत. एमएसचं निदान ज्यांवरून करतात त्या मॅकडोनाल्ड निकषांत २०१७ साली या चार जागा होत्या. २०२४ च्या सुधारणेत डोळ्याची नस पाचवी आली. सहसा यातल्या किमान दोन जागी व्रण लागतात. पोकळीपासून काटकोनात निघालेले लांबट डाग पसरलेल्या बोटांसारखे दिसतात, त्यांना डॉसनची बोटंच म्हणतात. व्रण वेगवेगळ्या वेळचे आहेत का, हे कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोआधी शिरेतून देतात ते औषध, सांगतो: ताजा व्रण काही आठवडे चकाकतो, जुना चकाकत नाही.

एवढं जुळलं तरी माणसाला काय झालंय ते विचारावंच लागतं. एका डोळ्याला अंधुक दिसलं होतं का, पाय बधिर पडला होता का? शिवाय आपल्याकडं टीबीची गाठ असते, मेंदूतला जंत असतो, बी-१२ ची कमतरता असते. आणि एनएमओ नावाचा एमएससारखाच भासणारा आजार असतो. त्याची रक्ततपासणी वेगळी असते आणि एमएसच्या इंटरफेरॉनसारख्या औषधानं तो उलट बिघडू शकतो. ठिपका बघून घाईनं शिक्का मारण्यातला खरा धोका हा आहे.

“नॉर्मल म्हणजे नाहीच.” एमएस असेल तर मेंदूचा एमआरआय बहुतेकदा बिघडलेला असतोच, एवढं खरं. पण सुरुवातीला व्रण फक्त मज्जारज्जूत किंवा डोळ्याच्या नसेत असू शकतो, आणि खर्च वाचवायला “मेंदूचाच काढा, मणक्याचा नको” म्हणणारे भरपूर भेटतात. डोळ्याच्या नसेला सूज आलेल्या रुग्णांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला. सुरुवातीला मेंदूत एकही व्रण नसलेल्यांपैकी पंधरा वर्षांत सुमारे २५ टक्क्यांना एमएस झाला, एक किंवा जास्त व्रण असलेल्यांपैकी ७२ टक्क्यांना. म्हणजे नॉर्मलवाल्यांतही चौघांत एकाला झाला, आणि ठिपकेवाल्यांतही पंधरा वर्षांनी २८ टक्के सुटलेले होते.

व्हीलचेअरचं गणित इतकं सरळ असतं तर डॉक्टरांनी नुसतं मोजलं असतं. मज्जारज्जूतला एक छोटा व्रण पाय ओढायला लावतो. मेंदूत डझनभर असूनही माणूस पन्हाळा चढून येतो. तरी आकडा फुकाचा नाही. त्रास काही नसताना नवे व्रण आले, तर औषध पुरं पडत नाही हे त्यावरूनच कळतं.

किरणांचं तर सोडाच. एमआरआयला क्ष-किरण नसतात, चुंबक आणि रेडिओ लहरी असतात. मेसेजवाल्यानं सीटी स्कॅनशी गल्लत केलीय. कॉन्ट्रास्टचं मात्र विचारा, किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा. पुढच्या तपासण्या बऱ्याचदा कॉन्ट्रास्टशिवायही चालतात.

त्या तपासण्यांना येताना जुन्या फिल्म आणि सीडी तेवढ्या आणा, शक्यतो त्याच मशीनवर या. नवा व्रण जुन्याशी ताडूनच ओळखतात. मावशीनं तिच्या फिल्म ग्रहण बघायला वापरल्या होत्या. त्यानं डोळेही जायचे, मावशी.