पंख्याची वायर काढू नका, पंखा का ओरडतोय ते बघा

"जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आवाज करतोय? वायर काढून टाका. घरच्या सर्व्हरला काम नसतं, जुना प्रोसेसर पंख्याविना आरामात चालतो. सुरू होताना एरर आली तर बायोसमधून बंद करा. झाकण उघडं ठेवा. पेस्ट भरपूर लावा, नसेल तर टूथपेस्ट चालते. पंख्यात खोबरेल तेलाचे दोन थेंब सोडा."

एप्रिल लागल्यापासून सोलापुरातल्या ग्रुपांवर हा संदेश फिरतोय. मला तो तिघांकडून आला. साखर पेठेतल्या एका ओळखीच्या काकांनी तर वायर काढून झाल्यावर फोन केला, "आता बरोबर झालं न्हवं?" काका, बरोबर नाही झालं. का नाही, ते सविस्तर सांगतो, कारण त्या मशीनवर तुमच्या टॉवेल कारखान्याचे हिशेब आहेत आणि नातवंडांचे सगळे फोटो आहेत.

पहिला मुद्दा वायरचा. यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच लोक फसतात. पंखा थांबला तर प्रोसेसर लगेच जळत नाही. तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरीही ताप वाढला तर मशीन एका क्षणात बंद पडतं. त्या क्षणी डिस्कवर काही लिहिलं जात असेल तर फाइल अर्धवट राहते. आणि सर्व्हरला, म्हणजे घरात कायम चालू ठेवलेल्या मशीनला, काम नसतं हे आपण झोपलेलो असतो म्हणून वाटतं. बॅकअप, डिस्कची तपासणी, नव्या फोटोंची सूची ही सगळी कामं रात्रीच लावलेली असतात. काकांचा आय-थ्री २१०० हा २०११ सालचा, ६५ वॅटचा प्रोसेसर. तो निवांत असताना कमी तापतो हे खरं, पण बॅकअप सुरू झाला की निवांतपणा संपला.

त्याहून मोठी गोष्ट संदेशात नाहीच. कंपनीकडून आलेला गोल पंखा हवा खाली, मदरबोर्डकडे (मशीनच्या मुख्य सर्किट बोर्डकडे) फेकतो. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटभोवतीचे कपॅसिटर (वीज साठवून स्थिर ठेवणारे छोटे भाग) आणि प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग त्याच वाऱ्यावर थंड राहतात. प्रोसेसरला स्वतःला वाचवता येतं, कपॅसिटरला येत नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा जुना हिशेब आहे. दहा-बारा वर्षं चाललेल्या बोर्डात आधीच किती आयुष्य उरलंय?

त्यात आपला उन्हाळा. हीटसिंक म्हणजे प्रोसेसरवर बसवलेला, त्याची उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा. खोलीतली हवा जितकी गरम, तितकं त्याचं तापमान सुरुवातीपासूनच जास्त असतं. थंडीत २५ अंशांच्या खोलीत जे मशीन तगलं, ते मे महिन्यात दुपारी ३८ अंशांच्या खोलीत १३ अंश वरच चालणार. हिवाळ्यात करून बघितलेला उपाय सोलापूरच्या उन्हाळ्यात कुणाला सांगू नये.

एरर बायोसमधून, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमधून, बंद करण्याबद्दल एवढंच: ती एरर म्हणजे पंखा खरंच मेला तर आपल्याला कळवणारी हाक आहे.

झाकणाचं बघू. उघड्या बाजूने काही मशीन दोन-चार अंश थंड चालतात, हे मी नाकारत नाही. पण आवाज थेट खोलीत येतो, पाल आत शिरते, आणि सोलापूरच्या पूर्व भागात तर घराशेजारी यंत्रमाग. सुताचे तंतू हवेत कायम तरंगत असतात. ते साध्या धुळीसारखे नुसते बसत नाहीत, हीटसिंकच्या पात्यांवर त्यांची गादी तयार होते. काकांचा पंखा ओरडत होता तो याच गादीमुळे. वरून बघितलं तर सगळं स्वच्छ दिसत होतं. पंखा हीटसिंकपासून वेगळा केला तेव्हा खाली करड्या नमद्यासारखा थर निघाला, नखाने अख्खा उचलता आला. हवा जायला वाटच नव्हती, ताप वाढत होता आणि बोर्ड पंख्याला पूर्ण वेगाने पळवत होता. म्हणजे पंखा तक्रार करत होता आणि आपण त्याचं तोंड बांधलं.

पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये लावायचा लेप. तिचं काम दोन धातूंमधल्या बारीक फटी भरायचं. थर जाड झाला की तीच उष्णतेला अडवते. मटारच्या दाण्याएवढी पुरे. टूथपेस्ट पाण्यावर बनते, काही दिवसांत वाळून भेगाळते. खोबरेल तेल थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होऊन धूळ धरतं. बेअरिंग घरघरत असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब थोडे दिवस काढून देतो, पण खरा इलाज नवा पंखा.

मग करायचं काय? मशीन बंद करून, विजेची वायर काढून, गच्चीत न्या. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा आणि ब्रश व ब्लोअरने साफ करा. पाती मोकळी सोडून हवा मारली तर बेअरिंग खराब होतं. जुनी पेस्ट पुसून नवी लावा. हीटसिंकच्या चारही पिना टक् आवाज होईपर्यंत बसल्या का ते बोर्डच्या मागून बघा. एक जरी सैल राहिली तर बाकीची मेहनत वाया जाते.

त्यानंतर पंख्याचा वेग. पंख्याच्या वायरच्या टोकाला चार पिना असतील तर बायोसमध्ये पंख्याच्या नियंत्रणाची सोय असते, लिनक्सवर फॅनकंट्रोल नावाचा प्रोग्रॅम आहे. वेग निम्मा झाला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. हे गणित वायर काढण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचं आहे. कॅबिनेटमध्ये जागा असेल तर १२० मिलिमीटरचा पंखा असलेला उंच हीटसिंक घ्या. मोठा पंखा तेवढीच हवा हळू फिरून देतो. फक्त किमान वेग इतका खाली ठेवू नका की थांबलेला पंखा पुन्हा सुरूच होणार नाही. सुरू व्हायला त्याला चालत राहण्यापेक्षा जास्त जोर लागतो.

काका, वायर आज संध्याकाळीच परत लावा. रविवारी ब्रश आणि पेस्ट घेऊन मी येतो.